एकवीस महिन्यांचा नायक

हाँगकाँगमध्ये त्या काळी नवा चित्रपट लोकांपुढे आणण्याची एक रीत होती. नेहमीचे खेळ सुरू होण्याआधी एक खेळ मध्यरात्री लावायचा. दिवसभर कारखान्यात, गोदीत, दुकानात राबलेली माणसे या खेळाला येत. पडद्यावरचे काम पसंत पडले नाही तर ती तिथल्या तिथे शिव्यांची लाखोली वाहत आणि कधीकधी खुर्च्यांची आसनेही फाडून ठेवत. ऑक्टोबर १९७१ मध्ये अशाच एका मध्यरात्री ‘द बिग बॉस’ नावाचा अगदी बेताच्या खर्चातला चित्रपट दाखवला गेला. प्रेक्षकांत त्याचा नायक आपल्या पत्नीसह जीव मुठीत धरून बसला होता. एकतिशीला आलेला, सडसडीत बांध्याचा तो तरुण म्हणजे ब्रूस ली. चित्रपट संपला, क्षणभर सारे चिडीचूप झाले आणि मग टाळ्या-आरोळ्यांनी छप्पर दणाणून गेले. पुढच्या काही आठवड्यांत या चित्रपटाने हाँगकाँगमधला ‘द साऊंड ऑफ म्युझिक’च्या कमाईचा विक्रम मोडला.

त्या रात्रीनंतर सुमारे एकवीस महिन्यांनी, २० जुलै १९७३ रोजी, हा माणूस गेला. वय अवघे ३२.

जग ब्रूस लीला ओळखते ते या एकवीस महिन्यांमुळे. चार पूर्ण चित्रपट आणि एक अर्धा, एवढीच त्याची त्या काळातली पुंजी. माझ्या मते मात्र या माणसाची खरी गोष्ट त्याआधीच्या बारा वर्षांची आहे. १९५९ ते १९७१ ही बारा वर्षे त्याने अमेरिकेत घालवली, त्यांतली निम्मी तर हॉलिवूडच्या बंद दारापुढे. नकार पचवत, शिकवण्या घेत, कर्जाचे हप्ते भरत आणि शरीर घासून लखलखीत करत त्याने ती काढली. पुढे त्याला जी घाई झाली, तीही या वर्षांनीच त्याच्या रक्तात भिनवली.

ब्रूसचे वडील ली होई-च्युएन हे कॅन्टनी संगीत नाटकांतले नामवंत विनोदी नट होते. आपल्याकडे एके काळी नाटक कंपन्या गावोगाव दौरे करत, तशी त्यांची मंडळी अमेरिकेतल्या चिनी वस्त्यांच्या दौऱ्यावर गेली होती. पत्नी ग्रेस हो बरोबर होती. २७ नोव्हेंबर १९४० रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या चायनाटाऊनमधील चिनी रुग्णालयात मुलगा जन्मला. चिनी पंचांगाप्रमाणे ते ड्रॅगनचे वर्ष. मुलाचे नाव ली जुन-फान ठेवले. ब्रूस हे इंग्रजी नाव रुग्णालयातच मिळाले. या जोडप्याचा पहिला मुलगा तान्हेपणीच दगावला होता, म्हणून ब्रूसला घरात मुलीच्या नावाने हाक मारत. दुष्ट शक्तींचे लक्ष मुलग्याकडे जाऊ नये, हा त्यामागचा भाबडा हेतू. ज्या मराठी घरांत मुले जगत नसत, तिथे बाळाला दगडू, धोंडू, भिकू म्हणत असत. आईची भीती कॅन्टनमध्ये काय आणि कोकणात काय, एकाच जातीची असते.

मूल काही महिन्यांचे असताना कुटुंब हाँगकाँगला परतले आणि १९४१ च्या डिसेंबरात जपान्यांनी हाँगकाँग घेतले. पावणेचार वर्षे टंचाई आणि दहशत यांत गेली. युद्ध संपले तशी चीनमधली यादवी पेटली आणि १९४९ च्या सुमारास निर्वासितांचे लोंढेच्या लोंढे या ब्रिटिश वसाहतीत येऊन आदळले. दाटीवाटीची घरे, बेकार तरुण, गच्च्यांवर होणाऱ्या मारामाऱ्या यांतच ब्रूस वाढला. घरची स्थिती बरी होती, पण पोराचे लक्ष अभ्यासात कधी लागले नाही. एका नामांकित शाळेतून त्याला काढले, दुसरीत घालावे लागले. एकाच ठिकाणी मात्र तो मन लावून काम करी आणि ते ठिकाण म्हणजे चित्रपटाचा कॅमेरा. तान्हा असताना तो अमेरिकेत एका चित्रपटात दिसला होता. १९५० मध्ये ‘द किड’ या चित्रपटात त्याने मुख्य बालनटाचे काम केले, त्यात वडीलही होते. अठरा वर्षांचा होईपर्यंत त्याच्या नावावर वीसएक चित्रपट जमा झाले होते. ली सिउ-लुंग, म्हणजे छोटा ड्रॅगन, हे त्याचे पडद्यावरचे नाव त्या दिवसांतलेच. चिनी प्रेक्षक त्याला आजही याच नावाने ओळखतात.

रस्त्यावर मार खाण्याची पाळी आली म्हणून तो तेराव्या-चौदाव्या वर्षी यिप मान यांच्याकडे गेला. फोशानहून आलेले हे निर्वासित गृहस्थ विंग चुन ही लढण्याची पद्धत शिकवत. जवळून लढायचे, हात छातीच्या मधल्या रेषेवर ठेवायचे, जोर वाया घालवायचा नाही, अशी ही काटकसरी विद्या. मुलगा भराभर शिकला. ब्रूसच्या आईच्या अंगात काही अंश युरोपीय रक्त होते. हे कळल्यावर काही गुरुबंधूंनी त्याला शिकवायला हरकत घेतली, असे सांगतात. खरे असेल तर अर्धा परका हा शिक्का त्याला आपल्याच माणसांत प्रथम बसला. १९५८ मध्ये त्याने शाळांमधली मुष्टियुद्धाची स्पर्धा जिंकली आणि त्याच वर्षी चा-चा नृत्याची वसाहतीतली स्पर्धाही. या दोन बक्षिसांत त्याच्या पुढच्या कलेचे सारे मर्म आहे. त्याची पडद्यावरची मारामारी इतरांहून वेगळी दिसते, कारण तिच्यात ताल आहे. तो ठोसा मारतो तेव्हा आधी पावले समेवर येतात.

मारामाऱ्या वाढल्या, पोलिसांपर्यंत गोष्टी गेल्या. आईवडिलांनी निर्णय घेतला आणि एप्रिल १९५९ मध्ये अठरा वर्षांच्या मुलाला अमेरिकेच्या बोटीत बसवून दिले. खिशात १०० डॉलर. वाटेत बोटीवरच्या श्रीमंत प्रवाशांना चा-चा शिकवून त्याने चार पैसे मिळवले. सॅन फ्रान्सिस्कोहून तो सिॲटलला गेला. तिथे वडिलांच्या परिचयातल्या रुबी चाउ या बाईंचे उपाहारगृह होते. वर राहायला खोली, खाली वाढप्याचे आणि स्वयंपाकघरातले काम. घरी नोकरचाकर पाहिलेल्या मुलाला हे जड गेले, पण मुकाट्याने शाळा पूर्ण करून १९६१ मध्ये तो वॉशिंग्टन विद्यापीठात दाखल झाला. नाट्यशास्त्राबरोबर तो तत्त्वज्ञानही शिकला आणि ताओ विचाराच्या नादी लागला. पदवी मात्र पुरी केली नाही.

याच दिवसांत तो कुंग फू शिकवू लागला. पहिले विद्यार्थी वाहनतळावर, बागेत जमत. त्यांत गोरे होते, काळे होते, जपानी वंशाचेही होते. जो शिकायला येईल तो विद्यार्थी, एवढाच त्याचा नियम. चिनी मंडळींची ही विद्या परक्यांना द्यायची नाही, असा कटाक्ष असलेल्या जुन्या लोकांना हे रुचणे शक्य नव्हते. विद्यार्थ्यांतच लिंडा एमरी नावाची एक मुलगी होती. ऑगस्ट १९६४ मध्ये दोघांनी लग्न केले. लिंडाच्या घरच्यांचा विरोध होता. त्या साली अमेरिकेतल्या अनेक राज्यांत असा आंतरवंशीय विवाह कायद्यानेच निषिद्ध होता. सर्वोच्च न्यायालयाने ते कायदे रद्द ठरवले ते १९६७ मध्ये.

लग्नाच्याच महिन्यात लाँग बीच येथे कराटेची मोठी स्पर्धा भरली. तिथे ब्रूसने प्रात्यक्षिके दाखवली. दोन बोटांवर जोर काढले, एक इंच अंतरावरून ठोसा मारून धडधाकट माणसाला मागच्या खुर्चीत बसवले. या कार्यक्रमाची बातमी एका केशरचनाकाराच्या मार्फत दूरचित्रवाणीच्या एका निर्मात्यापर्यंत गेली आणि काही महिन्यांनी चाचणीसाठी बोलावणे आले. त्याच वर्षाच्या अखेरीस ओकलंडमध्ये वाँग जॅक-मान या दुसऱ्या चिनी मल्लाशी त्याची बंद दारामागे लढत झाली. ती कशावरून झाली आणि कशी संपली याविषयी दोन्ही बाजूंच्या कथा जुळत नाहीत. ब्रूसच्या घरच्यांच्या मते तो काही मिनिटांत जिंकला. पण जिंकूनही तो खूश नव्हता, हे त्याच्या पत्नीने नोंदवले आहे. आपल्याला धाप लागली, आपली विद्या अपुरी पडली, हे त्याला खुपले. दुसरा कोणी असता तर विजयाचे पेढे वाटले असते. हा जिंकलेल्या लढतीची उजळणी करत बसला.

त्या अस्वस्थतेतूनच पुढे त्याने ‘जीत कुन दो’ ही आपली पद्धत घडवली. १९६७ मध्ये तिला नाव दिले. प्रतिस्पर्ध्याचा ठोसा अडवून मग मारायचे नाही, तो येता येताच वाटेत गाठायचे, हे तिचे सूत्र. विंग चुन, पाश्चात्त्य मुष्टियुद्ध, तलवारबाजी, जिथे जे उपयोगी वाटले ते त्याने घेतले आणि शोभेचे होते ते टाकून दिले. घराण्याची शिस्त मानणाऱ्या आपल्या गायकीत एखाद्या शिष्याने चार घराण्यांतले जे पटले ते उचलून स्वतःची गायकी मांडावी, आणि जुन्यांनी नाके मुरडावीत, तसाच हा प्रकार होता.

१९६५ च्या फेब्रुवारीत मुलगा ब्रँडन जन्मला आणि आठवड्याच्या आत हाँगकाँगला वडील वारले. पुढच्या वर्षी ‘द ग्रीन हॉर्नेट’ ही मालिका आली. ब्रूस त्यात नायकाचा गाडी हाकणारा, मुखवटा घातलेला साथीदार केटो झाला. संवाद थोडे, मानधन नायकाच्या मानाने फारच कमी. त्याचे हात इतके झपाट्याने चालत की कॅमेऱ्याला ते टिपता येत नसत आणि त्याला हळू मारायला सांगावे लागे. २६ भागांनंतर, १९६७ मध्ये मालिका बंद पडली.

मग आली ती खरी कसोटीची वर्षे. हॉलिवूडला चिनी माणूस लागत होता तो धोबी, नोकर किंवा खलनायक म्हणून. महत्त्वाची चिनी भूमिका असली तर ती गोऱ्या नटाच्या चेहऱ्याला रंग फासून करवून घेत. १९३७ च्या ‘द गुड अर्थ’मध्ये चिनी शेतकऱ्याची बायको झालेल्या लुईझ रेनर या युरोपीय नटीला त्याबद्दल ऑस्कर मिळाले होते. चार्ली चॅन हा चिनी गुप्तहेर वर्षानुवर्षे गोऱ्यांनीच वठवला. अशा ठिकाणी एका चिनी तरुणाला नायक व्हायचे होते.

पोट भरण्यासाठी तो शिकवू लागला. स्टीव्ह मॅक्क्वीन, जेम्स कोबर्न हे त्या वेळचे मोठे नट, पटकथाकार स्टर्लिंग सिलिफंट, बास्केटबॉलपटू करीम अब्दुल-जब्बार हे त्याचे शिष्य. तासाला दोनशे डॉलरहून अधिक फी तो घेई. म्हणजे पडद्यावर जे मारामारी करत त्यांना तो घरी शिकवत होता आणि पडदा मात्र त्याला बंद होता. १९६८ मध्ये लॉस एंजेलिसच्या बेल एअर या महागड्या भागात त्याने घर घेतले. हप्ते मोठे आणि मिळकत बेभरवशाची. बँकेच्या कर्ज विभागात बसलेला कोणीही अधिकारी हा अर्ज पाहून भुवया उंचावेल. १९६९ च्या एप्रिलमध्ये मुलगी शॅनन झाली. त्याच वर्षाच्या जानेवारीत त्याने एका कागदावर स्वतःशीच करार लिहून ठेवला होता. अमेरिकेतला सर्वांत जास्त मानधन घेणारा पौर्वात्य तारा व्हायचे, १९७० पासून जगभर नाव करायचे आणि १९८० अखेर एक कोटी डॉलर जमवायचे, असा त्याचा आशय. तो कागद जपून राहिला आहे. हप्ता थकलेल्या माणसाने एक कोटीचा ताळेबंद मांडावा, याला वेड म्हणायचे की हिंमत, हे त्या वेळी कोणी सांगू शकले नसते.

आणि मग ऑगस्ट १९७० मध्ये शरीरानेच दगा दिला. खांद्यावर वजनाची दांडी घेऊन कमरेत वाकण्याचा व्यायाम अंग पुरेसे मोकळे न करता केला आणि कण्याच्या तळाशी मज्जातंतूला इजा झाली. डॉक्टरांनी सांगितले की आता लाथ मारणे विसरा. शरीर हेच ज्याचे भांडवल, त्याचे भांडवलच गोठले. कित्येक महिने तो अंथरुणावर होता. लिंडाने रात्रपाळीची टेलिफोनवरची नोकरी धरली, हा घरी मुले सांभाळी. या काळात त्याने वह्याच्या वह्या भरल्या. लढण्याचे तंत्र, तत्त्वज्ञान, आकृत्या, टिपणे. त्याच्या पश्चात १९७५ मध्ये ‘ताओ ऑफ जीत कुन दो’ या नावाने पुस्तक निघाले, त्यातला बराच ऐवज या अंथरुणावरचा आहे. तो पुन्हा उभा राहिला, लाथही मारू लागला, पण पाठीचे दुखणे जन्माचे सोबती झाले.

आता थोडे आपल्या देशाविषयी. ब्रूस, कोबर्न आणि सिलिफंट या तिघांनी मिळून ‘द सायलेंट फ्लूट’ नावाच्या चित्रपटाची कल्पना रचली होती. वॉर्नर ब्रदर्स कंपनी पैसे घालायला तयार झाली, पण एका अटीवर. चित्रण भारतात करायचे. त्याचे कारण कलेत नव्हते, परकीय चलनात होते. अमेरिकन चित्रपटांनी आपल्या चित्रपटगृहांत कमावलेला पैसा तेव्हा पूर्णपणे बाहेर नेता येत नसे. परकीय चलनाची टंचाई असल्याने त्यातला मोठा हिस्सा रुपयांतच, इथल्या खात्यांत अडकून पडे. बँकेत माझ्या आधीच्या पिढीतली मंडळी या गोठलेल्या खात्यांच्या गोष्टी सांगत. तो पैसा इथेच खर्च करायला परवानगी होती. तेव्हा जागा शोधायला हे तिघे १९७१ च्या सुरुवातीला भारतात आले. दिल्ली, राजस्थानचे वाळवंट, मद्रास, गोवा, मुंबई असे हिंडले. सगळीकडे हॉटेलांत बडदास्त राखली जाई ती कोबर्नची. ब्रूसला इथे कोणी ओळखत नव्हते आणि ही गोष्ट त्याला लागली, असे त्याच्या चरित्रकारांनी लिहिले आहे. कोबर्नला जागा पसंत पडल्या नाहीत आणि बेत बारगळला. पुढे १९७८ मध्ये ती कथा वेगळ्या नावाने पडद्यावर आली, तेव्हा ब्रूसला जाऊन पाच वर्षे झाली होती.

मुंबईच्या रस्त्यांवरून ज्याच्याकडे कोणी वळूनही पाहिले नाही, त्याचीच चित्रे चार-पाच वर्षांत याच शहरातल्या सलूनच्या भिंतींवर आणि पानाच्या ठेल्यांवर लागली. माझ्या वयाच्या वाचकांना आठवत असेल, झाडूचे दोन दांडके आणि सायकलची साखळी जोडून पोरांनी घरोघर नानचाकू बनवले होते. कपाळावर टेंगूळ घेऊन घरी येणारा मुलगा काय पाहून आला हे आईला विचारावे लागत नसे. तालमीत मारुतीरायाच्या तसबिरीशेजारी उघड्या अंगाच्या या चिनी माणसाचे पोस्टर लागले. कराटेचे वर्ग शहरांत सुरू झाले, मग तालुक्यांतही पोहोचले. धिप्पाड देह म्हणजेच ताकद, हा आपला समज या साठ-बासष्ट किलोच्या माणसाने मोडला.

पण ते नंतर. १९७१ मध्ये भारतातून परतलेल्या ब्रूसपुढे एकच रस्ता उरला होता आणि तो मागे, हाँगकाँगकडे जात होता. ‘द ग्रीन हॉर्नेट’ तिथे केटोच्या नावाने लोकप्रिय झाली होती. रेमंड चाउ यांनी १९७० मध्ये गोल्डन हार्वेस्ट ही नवी कंपनी काढली होती. त्यांनी दोन चित्रपटांसाठी मिळून १५,००० डॉलर देऊ केले. ब्रूसने सही केली आणि थायलंडमधल्या पाक चोंग या आडगावी जाऊन उकाड्यात, डासांत, गैरसोयींत ‘द बिग बॉस’ पुरा केला. या चित्रपटाचा नायक बर्फाच्या कारखान्यात काम करणारा गरीब मजूर आहे. मारामारी करणार नाही असा शब्द त्याने दिलेला असतो आणि बराच वेळ तो नुसता पाहत राहतो, मुठी आवळतो, सोसतो. मग एका क्षणी बांध फुटतो. बारा वर्षे थांबलेल्या माणसाला ही भूमिका शिकवावी लागली नसणार.

इकडे अमेरिकेत दोन गोष्टी घडल्या. सिलिफंटने ‘लाँगस्ट्रीट’ मालिकेत त्याच्यासाठी खास भाग लिहिला, तो सप्टेंबर १९७१ मध्ये दाखवला गेला आणि वाखाणला गेला. दुसरीकडे ‘कुंग फू’ ही मालिका उभी राहत होती, अमेरिकेच्या पश्चिम भागात भटकणाऱ्या एका शाओलिन साधूची. ती दुसऱ्या लेखकांनी आधीच लिहिलेली होती. प्रमुख भूमिकेसाठी ब्रूसचा विचार झाला आणि शेवटी काम मिळाले ते डेव्हिड कॅरडाइन या गोऱ्या नटाला. ब्रूसचे उच्चार आणि त्याचा अस्सल चिनी चेहरा आड आला. ‘द सायलेंट फ्लूट’ची कथा १९७८ मध्ये पडद्यावर आली, तीही याच कॅरडाइनला घेऊन. ब्रूसनेही चिनी नायकाच्या एका मालिकेचा आराखडा लिहून ठेवला होता, तो कोणी घेतला नाही.

पण आता त्याला त्यांची गरज उरली नव्हती. १९७२ मध्ये ‘फिस्ट ऑफ फ्युरी’ आला. विसाव्या शतकाच्या आरंभीचे शांघाय, परक्यांच्या सत्तेखाली दबलेले चिनी लोक, आणि कुत्र्यांना व चिन्यांना प्रवेश नाही अशी पाटी लाथेने फोडणारा तरुण. आपल्याकडेही क्लबांच्या दारांवरच्या अशा पाट्यांच्या आठवणी आजोबांनी सांगितलेल्या आहेत, म्हणून ते दृश्य आपल्याला समजावून द्यावे लागत नाही. त्याच वर्षाच्या अखेरीस ‘वे ऑफ द ड्रॅगन’ आला. लेखन, दिग्दर्शन, नायक सारे तोच. रोममध्ये हॉटेल चालवणाऱ्या चिनी नातलगांच्या मदतीला आलेला एक खेडवळ तरुण, आणि शेवटी कोलोसियममध्ये चक नॉरिसशी झुंज. तीन चित्रपटांनी हाँगकाँगमध्ये अनुक्रमे ३२, ४४ आणि ५३ लाख हाँगकाँग डॉलरच्या घरात धंदा केला. प्रत्येकाने आधीच्याचा विक्रम मोडला.

चौथा, ‘गेम ऑफ डेथ’, सुरू झालेला असतानाच हॉलिवूडने स्वतःहून दार उघडले. ‘एंटर द ड्रॅगन’साठी वॉर्नर आणि हाँगकाँगच्या निर्मात्यांनी भागीदारी केली. खर्च सुमारे साडेआठ लाख डॉलर, हॉलिवूडच्या मानाने चिल्लर. १९७३ च्या सुरुवातीचे चार महिने चित्रण चालले. पटकथेवरून खटके उडाले, ब्रूस काही दिवस सेटवर फिरकलाच नाही. मारामाऱ्या मात्र साऱ्या त्याने स्वतः बसवल्या. आरशांच्या खोलीतली शेवटची लढत आजही चित्रपटाच्या वर्गांत दाखवतात. गर्दीतल्या एका किरकोळ दृश्यात त्याचा मार खाणारा पोरगा पुढे जॅकी चॅन म्हणून प्रसिद्ध झाला.

या एकवीस महिन्यांत तो थांबलाच नाही. दिवसा चित्रण, रात्री संकलन, मधल्या वेळात व्यायाम, वरून मुलाखती, भेटी, रस्त्यात आव्हान देणारी उडाणटप्पू पोरे. वजन घटत गेले. १० मे १९७३ रोजी उकाड्यात ध्वनिमुद्रणाच्या खोलीत तो कोसळला. झटके आले. मेंदूला सूज आल्याचे निदान झाले आणि वेळेवर औषध मिळाल्याने तो वाचला. अमेरिकेत जाऊन तपासण्या केल्या, तिथे प्रकृती उत्तम असल्याचा निर्वाळा मिळाला. परत येऊन त्याने कामाचा गाडा पुन्हा ओढायला घेतला. आपल्या घरात कोणी असा एकदा कोसळून उठला असता, तर आई-आजीने त्याला सहा महिने उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू दिले नसते. त्याला अडवू शकेल असे त्याच्याजवळ कोणी नव्हते, आणि असते तरी त्याने ऐकले असते असे वाटत नाही.

२० जुलैला तो बेट्टी टिंग पेई या अभिनेत्रीच्या घरी होता. डोके दुखू लागले म्हणून त्याने एक वेदनाशामक गोळी घेतली आणि तो आडवा झाला, तो पुन्हा उठलाच नाही. क्वीन एलिझाबेथ रुग्णालयात त्याला मृत घोषित केले. तो स्वतःच्या घरी गेला असे कंपनीने आधी सांगितले. चार दिवसांत खरे बाहेर आले आणि अब्रू झाकण्यासाठी घातलेल्या पांघरुणातूनच नाना अफवा निघाल्या. विषप्रयोग, शत्रू, शाप, काय काय. सप्टेंबरमध्ये रीतसर चौकशी झाली. मेंदूचे वजन सर्वसाधारण १४०० ग्रॅमऐवजी १५७५ ग्रॅम भरले होते. गोळीतल्या घटकांची तीव्र प्रतिक्रिया होऊन सूज आली असावी, असे तज्ज्ञांनी मांडले आणि अपघाती मृत्यूचा निर्णय झाला. २०१८ मधल्या एका चरित्राने उष्माघाताची शक्यता पुढे केली. २०२२ मध्ये काही मूत्रपिंडतज्ज्ञांनी शरीरातल्या पाण्याचा आणि सोडियमचा तोल बिघडल्याचा तर्क मांडला. वाद मिटलेला नाही. कोणताही तर्क घेतला, तरी मे महिन्यातला इशारा मिळाल्यावरही त्याने विश्रांती घेतली नाही, ही गोष्ट मात्र कायम राहते.

एक महिन्याने ‘एंटर द ड्रॅगन’ प्रदर्शित झाला आणि जगभर चालला. खर्चाच्या कित्येक पट पैसा आला. ज्या कागदावर १९८० ची मुदत घातली होती, त्यातले जगभरच्या कीर्तीचे कलम सात वर्षे आधीच पूर्ण झाले. ते पाहायला सही करणारा उरला नव्हता. त्याने मृत्युपत्र केले नव्हते. त्याच्या मालमत्तेचे निस्तरता निस्तरता लिंडाची कित्येक वर्षे गेली. माझ्या नोकरीत खिडकीपलीकडे अशा बायका मी पुष्कळ पाहिल्या. नवरा धडधाकट होता, तिशीतला होता, कागदपत्रे करायला घाई काय होती, असे म्हणणाऱ्या. पस्तिशीच्या आतल्या माणसाला स्वतःचा मृत्यू खरा वाटत नाही, मग तो कारकून असो की ड्रॅगन.

ब्रूसनंतर त्याच्यासारखे दिसणारे, त्याच्यासारखे नाव लावणारे नट डझनाने निघाले. ‘गेम ऑफ डेथ’ १९७८ मध्ये तोतये उभे करून पुरा केला. त्यात त्याच्या खऱ्या अंत्ययात्रेची दृश्येही घातली, याहून ओंगळ व्यवहार मला ठाऊक नाही. त्या चित्रपटाच्या कथेत एका नटावर चित्रणाच्या वेळी खोट्या बंदुकीतून खरी गोळी झाडली जाते. पंधरा वर्षांनी, ३१ मार्च १९९३ रोजी, ब्रूसचा मुलगा ब्रँडन ‘द क्रो’च्या चित्रणात बंदुकीच्या अशाच एका अपघातात गेला. तो २८ वर्षांचा होता.

चांगल्या गोष्टीही घडल्या. २००४ मध्ये ‘एंटर द ड्रॅगन’ अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदणीत जतनासाठी घेतला गेला. बोस्नियातल्या मोस्तार गावात यादवीने दुभंगलेल्या लोकांना सर्वांना चालेल असा एकही पुरुष सापडेना, तेव्हा २००५ च्या नोव्हेंबरात त्यांनी ब्रूस लीचा पुतळा बसवला. दुसऱ्याच दिवशी, त्याच्या पासष्टाव्या जन्मदिनी, हाँगकाँगच्या समुद्रकाठीही त्याचा पुतळा उभा राहिला. कोणी न घेतलेला तो मालिकेचा आराखडा शॅननने जपून ठेवला होता. २०१९ मध्ये त्यावरून ‘वॉरियर’ ही मालिका निघाली, तिच्या निर्मात्यांत शॅनन होती आणि तिचे नायक आशियाई वंशाचे होते. बापाने ठोठावलेले दार लेकीने अठ्ठेचाळीस वर्षांनी उघडून घेतले.

सिॲटलच्या लेक व्ह्यू दफनभूमीत बापलेकांच्या कबरी शेजारी शेजारी आहेत. १९७३ च्या जुलै अखेरीस मॅक्क्वीन आणि कोबर्न या शिष्यांनी तिथे गुरूच्या शवपेटीला खांदा दिला होता. हाँगकाँगात हजारोंच्या गर्दीने निरोप दिला, तरी लिंडाने त्याला इथे आणले. वाढप्याचे काम करत, बागेत चार पोरांना शिकवत काढलेले इथले दिवस तुलनेने शांत होते. जगाने त्याला एकवीस महिने पाहिले. हे गाव त्याला त्याआधीपासून ओळखत होते.